'पुढील माहिती नाही'

कुलवृत्तांत या वाङ्मयप्रकाराकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. बखरींवर प्रबंध झाले, आत्मचरित्रांवर चर्चासत्रे झाली, प्रवासवर्णनांचीही बरीवाईट दखल घेतली गेली. कुलवृत्तांत मात्र सोयरीक जुळवणाऱ्यांच्या आणि सेवानिवृत्त मास्तरांच्या हवाली राहिला. वास्तविक मराठी मध्यमवर्गाने स्वतःविषयी जे गद्य लिहिले त्यात सर्वांत प्रामाणिकपणाचा आव आणणारे गद्य हेच. त्यात विशेषणे नसतात, अलंकार नसतात, 'मी' तर नसतोच. जन्मशक, शिक्षण, हुद्दा, पत्नीचे माहेर, अपत्ये. वाचणाऱ्याला वाटावे, हे लेखन नव्हेच, ही नुसती नोंद आहे.

आणि तरीही ते लेखन आहे. त्याला शैली आहे, संकेत आहेत, आणि मुख्य म्हणजे त्याला एक गप्प बसण्याची रीत आहे. कोणताही कुलवृत्तांत उघडा. चार-पाच वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा भेटतील. 'नोकरीनिमित्त देशांतर', 'परागंदा', 'निर्वंश', 'बालपणी वारला', आणि या सर्वांचा राजा म्हणजे 'पुढील माहिती नाही'. या शेवटच्या वाक्याविषयी मला लिहायचे आहे. ते वाक्य माहितीच्या अभावातून येते असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की पुष्कळदा ते माहिती असल्यामुळेच येते.

हे मला सुचण्याचे कारण घरगुती आहे. मी ग्वाल्हेरला थाटीपुरात राहतो. लष्कर आणि मुरार यांच्या मधला हा भाग. शिंद्यांच्या फौजेची चौतिसावी तुकडी येथे होती, तिच्या इंग्रजी आकड्यावरून 'थाटीपुर' झाले असे सांगतात. खरे-खोटे करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, पण आकड्याचे नाव होणे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे आपल्याला उलट प्रकार, म्हणजे नावाचा आकडा होणे, पाहायचा आहे. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार म्हणून ग्वाल्हेर शाखेची माहिती लिहून पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या आवृत्तीत आमच्या पणजोबांविषयी दोनच वाक्ये आहेत : झाशीस वास्तव्य, पुढील माहिती नाही. त्याखाली आजोबांची नोंद : ग्वाल्हेर संस्थानात नोकरी. बाप झाशीत नाहीसा होतो आणि मुलगा ग्वाल्हेरीत एकदम नोकरदार होऊन उगवतो. मधे काय झाले? घरात याचे तयार उत्तर होते : शिंदे सरकारने बोलावून आणले.

आमच्या घरात आणखी एक शब्द होता : मोताजखाना. ताटात भात टाकला की आत्या म्हणायची, "मोताजखान्यात असतास म्हणजे कळलं असतं." लहानपणी मला ही राजवाड्यातली एखादी जागा वाटे. जामदारखाना, मोदीखाना, पागा, फरासखाना, तसाच मोताजखाना. शिंदे सरकारने बोलावून आणलेल्या माणसांच्या घरात असा शब्द असणे अगदी साहजिक. मोठेपणी कळले की उत्तर हिंदुस्थानात सरकारी कामकाजात 'मुहताजखाना' म्हणजे इंग्रजांचे पुअरहाउस, दुष्काळात निराधारांना ठेवण्याची जागा. आपण 'अन्नाला मोताज' म्हणतो त्यातला मोताज तोच. ज्या शब्दावर आम्ही घराण्याचा थाट उभा केला होता तो शब्दच आमच्या उपाशीपणाची साक्ष देत होता.

येथे वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. इंग्लंडात १८३४ सालच्या गरीबांच्या कायद्याने 'वर्कहाउस' या संस्थेला तिचे प्रसिद्ध रूप दिले. तत्त्व असे की मदत हवी असेल तर घर सोडून आत या. आतले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही नकोसे असले पाहिजे, म्हणजे गरज नसलेला येणार नाही. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अँडोव्हरच्या वर्कहाउसात हाडे कुटण्याच्या कामावर असलेली भुकेली माणसे त्याच हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज खात असल्याचे १८४५ साली उघडकीस आले आणि पार्लमेंटात गहजब झाला. हीच कल्पना बोटीतून इकडे आली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला, त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळी कायदे तयार झाले. धडधाकट माणसाने खडी फोडावी. ज्याला काम होत नाही पण घर आहे त्याला गावातच धान्य द्यावे. आणि ज्याला घर नाही, जो रस्त्यावर भटकत आहे, त्याला पुअरहाउसात ठेवावे. काम टाळणाऱ्यांना आणि सराईत भिकाऱ्यांना डांबायलाही हीच जागा. म्हणजे उपाशी आणि अपराधी एकाच कुंपणात.

लोक या जागेला किती भीत ते १८९८ आणि १९०१ या दोन्ही दुष्काळ आयोगांपुढे स्पष्ट झाले होते. शिजवलेले अन्न दुसऱ्याच्या हातचे घ्यायचे, म्हणजे जात गेली. ब्राह्मण आचारी ठेवूनही ही भीती गेली नाही. लोक अगदी शेवटच्या टोकाला, अंगात त्राण उरले नाही की येत, आणि म्हणूनच तेथे मरणारांचे प्रमाण भयंकर असे. जिवंत परत आलेला माणूस गावात काय सांगणार? तो काहीच सांगत नसे. त्याचा मुलगाही सांगत नसे. आणि नातू कुलवृत्तांताच्या संपादकाला कळवत असे : पुढील माहिती नाही.

विलायतेत आता या गोष्टीचे ओझे बरेच उतरले आहे. वर्कहाउसांची प्रवेश-पुस्तके तेथील दप्तरखान्यांत राहिली आहेत. नाव, वय, कोणत्या पॅरिशचा, धर्म, कधी आला, कधी गेला. आपला खापरपणजा वर्कहाउसात जन्मला हे शोधून काढणारी माणसे तेथे हजारोंनी आहेत आणि ते सापडल्याचा त्यांना आनंद होतो. चार्ली चॅप्लिनला तर शोधण्याचीही गरज नव्हती. १८९६ साली, सात वर्षांचा असताना, तो आई आणि भावाबरोबर लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाउसात दाखल झाला, आणि १९६४ साली छापलेल्या आत्मचरित्रात त्याने ते सरळ लिहून टाकले. त्याच १८९६ साली बुंदेलखंडात पाऊस दगा देऊन गेला होता. झाशी, बांदा, हमीरपूर या भागांत माणसे गावे सोडून निघाली. त्यांत गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून त्या मुलखात रुजलेली मराठी घरेही होती. त्यांच्यापैकी कोणी आत्मचरित्र लिहिले नाही.

झाशीची आणखी एक गंमत. गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांकडे होती; १८८६ साली ती शिंद्यांना परत मिळाली आणि बदल्यात झाशी शहर इंग्रजांकडे गेले. म्हणजे आज मी ज्या थाटीपुरात बसून लिहितो त्याच्या शेजारचे मुरार परत येण्याची किंमत झाशी होती. त्या अदलाबदलीमुळेच दहा वर्षांनी झाशीच्या उपाशी माणसाला इंग्रजी कायद्यातला मोताजखाना मिळाला, आणि त्यातून सुटल्यावर पळून जायला जवळचे मराठी राज्य म्हणून ग्वाल्हेर मिळाले.

आता दप्तराकडे वळू. माझ्यासारखा हौशी शोधक दप्तरखान्यात पहिली चूक करतो ती आडनाव शोधण्याची. आमच्याकडच्या सरकारी कारकुनाला आडनावाशी कर्तव्य नव्हते. त्याला हवे असे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, गाव. त्यातही मराठी माणूस उत्तरेत 'दक्षिणी'. दक्षिणी ब्राह्मण, दक्षिणी पंडित, नुसताच दक्षिणी. उर्दू लिपीत लिहिलेले नाव इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून परत आले की विठ्ठलाचे काय होईल सांगता येत नाही. दुसरी चूक सनाची. घरातल्या आठवणी संवतात, कुलवृत्तांत शकात, कागद इसवीत आणि मालगुजारीचे हिशेब फसलीत. शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण उत्तरेकडचा फसली सन ५९२-९३ वर्षांनी मागे आणि दक्षिणेचा ५९०-९१ वर्षांनी, हे विसरले की शोधणारा दोन वर्षे चुकीच्या बासनात घालवतो. मी घालवली.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, तो दप्तराचा स्वभाव आहे. सरकारी कागदांचे वर्ग करण्याची पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक कचेरीतल्या शिपायालासुद्धा माहीत असते : 'अ' वर्ग कायमचा ठेवायचा, 'ड' वर्ग वर्षाने फाडायचा. जमिनीचा कागद 'अ'. कोणाला किती ताटे वाढली याची यादी कायमची ठेवावी असे कोणत्याही दप्तरदाराला वाटणार नाही. त्यामुळे हाती लागतात ते अहवाल : अमुक आठवड्यात इतके आले, इतके गेले, इतके मेले. वायव्य प्रांताचे छापील अहवाल, लखनौ-प्रयागच्या दप्तरखान्यांतील फायली, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले ग्वाल्हेर रेसिडेन्सीचे कागद, सगळीकडे माणसांची बेरीज भेटते. सीमाभागातल्या वाचकांनी हे आपल्या जिल्ह्यांनाही लावून पाहावे. १८७६-७८ चा दुष्काळ मुंबई इलाख्यात ज्यांना सर्वांत जास्त बोचला ते जिल्हे म्हणजे सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड. राज्ये बदलली, पण इलाख्याच्या राजधानीतला त्या काळचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारातच राहिला. बेळगावच्या माणसाला आपला उपाशी पूर्वज शोधायला मुंबईला जावे लागते आणि झाशीच्या माणसाला लखनौला. पूर्वज भाकरीमागे फिरले, आपण कागदामागे.

यावरून असे वाटेल की दप्तर आणि कुलवृत्तांत दोघेही गरीबाबद्दल सारखेच मुके आहेत. तसे नाही, आणि माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे.

कुलवृत्तांतात स्त्रीला स्वतःची नोंद नसते. वंशावळीतले क्रमांक पुरुषांचे. ती नवऱ्याच्या क्रमांकाखाली 'पत्नी' म्हणून येते, माहेरच्या नावाचा कंस लावून. नवरा परागंदा झाला की तीही त्याच्याबरोबर पानावरून जाते. मग ती पुढे पन्नास वर्षे जगली असली, चार घरची धुणी-स्वयंपाक करून मुले वाढवली असली, तरी क्रमांक नवऱ्याचा आणि नवऱ्याची पुढील माहिती नाही. पुअरहाउसच्या कारभारात नेमके उलट होते. तेथे येणारांत बायका आणि मुलेच फार, कारण पुरुष कामावर तरी गेलेले किंवा टाकून तरी गेलेले. तेथे प्रत्येक डोके वेगळे मोजावे लागे, कारण प्रत्येक डोक्याला वेगळा शिधा. ज्या बाईला कुळाने क्रमांक दिला नाही तिला मोताजखान्याने दिला. तो क्रमांक अपमानाचा होता, त्यात मला शंका नाही. पण आमच्या पणजीच्या आयुष्यात ती कोणाची तरी बायको म्हणून नव्हे तर एक माणूस म्हणून मोजली गेली असेल तर ती फक्त तेथे. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही. ते खोटे मात्र नाही.

ग्वाल्हेरची परंपरा आठवली की हा फरक अधिक ठसतो. आपल्या राजेरजवाड्यांची उपाशी माणसाला जेवू घालण्याची रीत अन्नछत्राची. तेथे कुंपण नाही, कामाची सक्ती नाही, मुलांची ताटातूट नाही. माणुसकीच्या दृष्टीने ती रीत सरस, याबद्दल वाद नको. पण तेथे जातीची पंगत होती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. मात्र दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर अन्नछत्राच्या कागदात राहते ते घालणाऱ्याचे नाव आणि खर्चाचा आकडा. जेवणाऱ्याचे नाव लिहिण्याचे कारणच नाही. दान देणारा पुण्य नोंदवतो, कायदा माणूस नोंदवतो. वंशजाला अन्नछत्रातून पुण्य मिळते, पूर्वज मिळत नाही. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांचेही असेच. त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार येथल्या वह्या म्हणजे आपले खरे दप्तरखाने, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण त्या वहीत नाव यायला तेथपर्यंत जावे लागते आणि दक्षिणा द्यावी लागते. घरातला जो भाऊ कधी यात्रेला जाऊ शकला नाही तो वहीत येतो तो दुसऱ्या कोणी सांगितला तरच.

मराठी साहित्याला हा विषय अगदीच परका होता असे मात्र नाही, आणि म्हणूनच कुलवृत्तांतकारांना माफ करणे कठीण जाते. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो काही सत्तावन पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. १९०७ साली पुस्तक छापले गेले तेव्हापासून आपण त्याच्याकडे लढाईची हकीकत म्हणून पाहत आलो. झाशीची राणी केव्हा येते याची वाट पाहत पाने उलटतो. ते पुस्तक मुळात दारिद्र्याची हकीकत आहे. कर्ज किती, मिळाले किती, लुटले गेले किती, हातात काय घेऊन घरी आलो, हे गोडसे भटजी न लाजता सांगतात. एखाद्या कुलवृत्तांताने याच माणसाची नोंद केली असती तर 'उत्तरेकडे प्रवास केला' एवढ्यावर भागवली असती.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आई, वडील, मोठी बहीण दुष्काळात गेली; रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास वाचले. या दिवसांविषयी त्यांनी जे लिहिले त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक कबुलीजबाब : शास्त्राच्या घरात वाढलेल्या आम्हाला अंगमेहनत करणे माहीत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. उपासमारीच्या मुळाशी असलेली ही लाज, हा उच्चवर्णीय अभिमान, इतक्या कोरडेपणाने मराठी घरातल्या दुसऱ्या कोणी त्या काळात सांगितलेला माझ्या वाचनात नाही. पुढे १८९७ साली याच बाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्या आणि पुअरहाउसे पाहायला गेल्या. घाण, अर्धपोट अन्न आणि तरुण मुलींवर टपलेली माणसे, यांविषयी त्यांनी जे लिहिले ते सरकारला आवडण्यासारखे नव्हते. तेथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. १९०० साली गुजरातेतून आणखी आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. ज्या घराण्यांची वंशावळ केडगावपासून सुरू होते त्यांच्याकडे कुलदैवत आणि मूळ पुरुष नसेल. पहिली बाई मात्र आहे. असा कुलवृत्तांत कोणी लिहिला तर तो मराठीतला पहिला असेल ज्यात क्रमांक एक स्त्रीचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना पंढरपूरचे बालकाश्रम ठाऊक आहे. लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली ते सुरू झाले आणि लगेच दुष्काळ आला. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६३ सालीच असे गृह काढले होते; दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधक समाजाने धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. त्या पहिल्या गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तो यशवंत. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. एका रजिस्टर केलेल्या कागदाने वंशाची व्याख्या बदलता येते याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. आपल्याकडचे कुलवृत्तांत मात्र दत्तकाच्या पुढे मूळ घराणे लिहितात आणि ते सांगता येण्यासारखे नसेल तर गप्प बसतात.

वर्कहाउसला आपल्याकडे अगदी जवळचे जे होते ते मात्र दुष्काळाबरोबर संपले नाही. सोलापूरच्या माणसाला 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांना वसवले. दिवसा गिरणीत किंवा रेल्वेवर काम आणि ठरल्या वेळी हजेरी. १९५२ साली हा कायदा गेला, तार निघाली. येथे नोंद भरपूर होती : नाव, अंगठा, हजेरी. सरकारला ज्याची भीती वाटते त्याचे दप्तर ते जपून ठेवते. ज्याची दया येते त्याचे फाडून टाकते. आणि या दप्तराला उत्तर म्हणून मराठीत जे लेखन आले ते कुलवृत्तांताच्या पोटातून आले नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', भीमराव गस्तींचे 'बेरड' ही पुस्तके वेगळ्या अर्थाने कुलवृत्तांतच आहेत. पोलिसाच्या वहीत जे कूळ होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले. 'पुढील माहिती नाही' असे म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती, कारण त्यांची माहिती आधीच ठाण्यावर होती.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. हल्ली उलट्या बाजूचा एक प्रकार बोकाळला आहे. सत्काराच्या गौरवग्रंथांत आणि षष्ट्यब्दीच्या स्मरणिकांत पूर्वजांचे दारिद्र्य हौसेने सांगितले जाते, म्हणजे आपली उंची अधिक भरते. दिव्याखाली अभ्यास, वार लावून जेवण, मग बंगला. यात गरीब पूर्वज हा शिडीची खालची पायरी असतो. कुलवृत्तांताच्या मौनापेक्षा हे बोलणे चांगले असे मला वाटत नाही. मौनात निदान लाज होती, आणि लाजेला आठवण लागते.

मोताजखान्याची नोंद वाचायची तर ती कोणाची भाषा आहे हे विसरून चालत नाही. 'जात : दक्षिणी' हे पणजीने सांगितलेले नाही, कारकुनाने ऐकलेले आहे. 'स्वेच्छेने गेली' असा शेरा असेल तर तिला पाठवले गेले असेल. 'पळाली' असा असेल तर ती मुलांना घेऊन कुठल्या तरी ओळखीच्या दाराशी निघाली असेल. दप्तर खोटे बोलत नाही हे म्हणणे भाबडेपणाचे आहे. ते आपल्या सोयीपुरते खरे बोलते, आणि कुलवृत्तांतही तेच करतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तरच एकाच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याची चार अक्षरे बसतात.

आमच्या घरातली अक्षरे आत्याकडे होती. ती आता नव्वदीच्या पुढे आहे. जिच्याविषयी मी लिहितो आहे ती तिची आजी, तिच्या मांडीवर ती वाढली. मी कागद काढून बसलो तेव्हा प्रथम तिने उडवून लावले. "अरे, हे काय छापायचं असतं का? सोयरीक करणारे वाचतात ते." मग दोन दिवसांनी आपणच बोलू लागली. आजी दोन मुलांना घेऊन झाशीच्या मोताजखान्यात होती. धाकटी मुलगी तेथे गेली. थोरला, म्हणजे माझे आजोबा, चार वर्षांचे. पाऊस पडल्यावर ती ग्वाल्हेरीस आली आणि एका सरदाराच्या घरी स्वयंपाकाला राहिली. पोराला त्याच घराने शिकवले आणि संस्थानात चिकटवले. शिंदे सरकारने कोणाला बोलावले नव्हते. आजी आयुष्यभर दुसऱ्यांना रांधून वाढत राहिली, पण स्वतः पंगतीत कधी बसली नाही. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायची. घरातले म्हणत, सोवळे कडक. आत्या म्हणाली, "सोवळं कसलं. तिथं रांगेत बसून जेवायची सक्ती होती ना, त्यामुळे."

मी नोंद लिहिली ती अशी : संवत १९५३ च्या दुष्काळात यांची पत्नी दोन अपत्यांसह झाशीच्या मोताजखान्यात होती, कन्या तेथे वारली, पुढे पत्नीने ग्वाल्हेर येथे स्वयंपाकाची नोकरी करून पुत्राचे शिक्षण केले, आधार, घरातील सांगी, कागद मिळालेला नाही. शेवटचे तीन शब्द मी मुद्दाम ठेवले. आत्याला वाचून दाखवले तेव्हा तिची हरकत मोताजखान्याला नव्हती. "यांची पत्नी कसलं? तो तर आधीच गेला टाकून. तिचं नाव आधी घाल." मी नाव आधी घातले, माहेरचे आडनावही आत्याने सांगितले, आणि मजकूर संपादक मंडळाकडे पाठवला.

त्यांचे उत्तर आले आहे. मजकुराला हरकत नाही, पण वंशावळीत स्त्रीला स्वतंत्र क्रमांक देण्याची सोय नमुन्यात नसल्यामुळे तो पणजोबांच्या क्रमांकाखाली तळटीप म्हणून घेण्यात येईल, असे त्यांनी कळवले आहे. मी पुन्हा लिहिले आहे.